गाडी खालून बघावी

आमच्या घाटघरात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. पाऊसपाण्याचं बोलतो, भाताच्या रोपाचं विचारतो, मग हळूच म्हणतो, “नाना, उद्या मोकळं हाये का?” मी काही मिस्त्री नाही. शिक्षण दहावी, धंदा शेतीचा. भात, नाचणी, थोडी वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. पण तरुणपणी पंधरा-सोळा वर्षं जुन्नर ते घाटघर वडापची जीप चालवली. आत माणसं, टपावर पोती, मागं लोंबकळणारी पोरं. अशी जीप रोज चढवून उतरवून गाडीचा कुठला सांधा कधी कुरकुरतो ते कानाला कळायला लागलं. जीप गेली, कान राहिला.

घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या तोंडावरचं गाव. डोक्यावर जीवधन, समोर नानाचा अंगठा, खाली कोकण. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल ह्याच घाटानं जुन्नरला चढायचा. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून तिथं आहे. आता पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हापासून तर जास्तच. त्या उंच उंच गाड्या बघून आमच्या पोरांनाही वाटतं, आपल्या दारात अशी एक असावी. शहरात तिला एसयूव्ही म्हणतात, आमच्याकडं नुसतं ‘मोठी गाडी’. आमच्या डोळ्यांदेखत आधी कमांडर-मार्शल होत्या, १९९४ ला सुमो आली, २००० ला बोलेरो, मग २००२ ला स्कॉर्पिओ. नवी घ्यायची ऐपत गावात फार थोड्यांची. बाकीचे दुसऱ्याची वापरलेली घेतात, तिसऱ्याचीही घेतात.

ह्यात एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. तिकडं गाडी बंद पडली तर माणूस रिक्षा करतो. इथून जुन्नर तीसेक किलोमीटर, संध्याकाळनंतर रस्त्याला चिटपाखरू नाही, आणि जून ते सप्टेंबर पाऊस असा की कुडावरची गोणपाटं सुकत नाहीत. गावातली गाडी ही एका घरची नसतेच. कुणाला पान लागलं, कुणाची सून अडली, कुणी झाडावरून पडलं, की ज्याच्या दारात गाडी त्याच्या दारावर थाप. त्यामुळं गाडी घेताना मी गाणी वाजतात का ते बघत नाही. ऑगस्टातल्या रात्री दोन वाजता ती चालू होईल का, घाटात थांबेल का, एवढं बघतो.

दोन वर्षांमागं माझा पुतण्या असाच येऊन बसला. चाकणला कंपनीत कामाला. सहा वर्षं बाजूला टाकलेले पैसे, शिवाय आईनं हिरड्याचे जमवलेले, मिळून पाच लाखांच्या आतबाहेर. मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरीशुभ्र गाडी, चाकं काळीभोर.

“नाना, रंग तर बघा!”

म्हटलं, “रंग पोळ्याला बैलाच्या शिंगाला पण लावतात. उद्या सकाळी सहाला निघू. आणि त्या शेठला फोन कर, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका म्हणावं.”

हे मी प्रत्येकाला सांगतो. डिझेलची गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गार असताना कशी चालू होते त्यात निम्मं कळतं. आपण पोचायच्या आधी विकणाऱ्यानं ती तापवून ठेवली असेल तर समजायचं, त्याला काहीतरी झाकायचंय. म्हणून मी गेल्या गेल्या राम राम घालतो आणि बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवतो. आळेफाट्याच्या त्या शेठच्या गाडीचं बॉनेट कोमट लागलं. शेठ म्हणाला, “आत्ताच जागा बदलली हो नाना, गाडी उन्हात होती.” सकाळचे साडेसात वाजले होते. ऊन अजून आळेफाट्याला आलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. पिशवीतनं बारदान काढलं, बॅटरी काढली, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि गाडीखाली आडवा झालो. शेठच्या पोरानं पळत येऊन पुठ्ठा दिला. पुतण्याला लाज वाटली असावी, तो लांब जाऊन उभा राहिला.

गाडीचं खरं वय खालून कळतं. चेसी सरळ आहे का, कुठं वेल्डिंगचा डाग आहे का, पाटे जिथं लटकतात तिथलं लोखंड खाल्लंय का, मागच्या चाकाच्या वर जिथं चिखल चिकटून राहतो तिथं काय झालंय. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं. धड लोखंड ठण्ण वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं आणि पापुद्रा अंगावर पडतो. समुद्राकाठी राहिलेल्या गाड्या फार खाल्लेल्या असतात, आणि आमच्यासारख्या पावसातल्याही. खालून नवा काळा रंग मारलेला दिसला की मी दुप्पट सावध होतो. गंज धरू नये म्हणून मारतात हे खरं, पण गंज दिसू नये म्हणूनही मारतात. ब्रेकच्या तेलाच्या बारीक लोखंडी नळ्या तर बोटानं चाचपून बघायच्या. त्या आतून सडल्या आणि उतारावर फुटल्या तर पायाखालचा पेडल सरळ खाली जातो.

त्या पांढऱ्या गाडीला मागं एक पाटा जास्तीचा घातलेला होता. म्हटलं, “शेठ, गाडी कुणाची होती?”

“डॉक्टरची. एकहाती. फक्त दवाखाना आणि घर.”

दवाखाना ते घर करणाऱ्या गाडीला जादा पाटा कशाला लागतो? टोमॅटोचे क्रेट वाहिले असणार, नाहीतर माणसं. मीटर एकसष्ट हजार दाखवत होता. पण क्लचच्या पेडलावरचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं, स्टेअरिंग तुळतुळीत झालेलं, ड्रायव्हरची सीट एका अंगाला बसलेली. मीटर मागं फिरवता येतो. पेडल आणि सीट मागं फिरत नाहीत.

हे बघणं मला वडलांनी शिकवलं, आणि त्यांनी उभ्या जन्मात गाडी घेतली नाही. ते बैल घ्यायला बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात जायचे, मला बरोबर न्यायचे. हेडी बैलाच्या पाठीवर थाप मारून गुण सांगत असायचा आणि वडील काहीच न ऐकता दात बघायचे, मग खुरं, मग खांद्यावरची गाठ. खांद्याला घट्टा नसेल आणि हेडी म्हणत असेल नांगराला चालतो, तर खोटं. घट्टा फार मोठा असेल तर बैल पिळून काढलेला. शेवटी म्हणायचे, जुंपून दाखव. मोकळा बैल सगळ्यांचाच चांगला चालतो.

म्हणून मी त्या दिवशी शेठला म्हटलं, “जुंपून बघायची.”

“म्हणजे?”

“माणसं भरून चालवायची.”

माझी माणसं मी बरोबर आणलेलीच होती. वहिनी, पुतण्याची बायको, दोन लेकरं, धाकटा भाऊ, आणि एक शेजारी, जो खरं म्हणजे आळेफाट्याला कांद्याचे पैसे आणायला आला होता. शेठचं पोरगं धरून नऊ जण झालो. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून तिच्याविषयी मत देणारी माणसं मला कळत नाहीत. आपण घरच्यांसाठी गाडी घेतो आणि घरच्यांना न घेता बघतो. शेठनं कपाळाला आठ्या घातल्या, पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून किल्ली दिली.

नगर रस्त्यानं बेल्हे मागं टाकून गुळुंचवाडीवरून आणे घाटाला लागलो. चढाला इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढेना, तेव्हाच कळलं की क्लच निसटतोय. हे उभ्या गाडीतही बघता येतं. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन दणका देऊन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर क्लच संपला. पण क्लचचं मला एवढं वाटत नाही, ते पैशानं होतं. वरून वळून खाली उतरायला लागलो, दुसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय न ठेवता. अर्ध्या उतारात कट्‌ असा आवाज झाला आणि गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला आला. नऊ माणसांची गाडी उतारावर मोकळी धावायला लागली. मी ब्रेक दाबला, पुन्हा दुसरा टाकला, हातानं धरून ठेवला. वहिनीनं फक्त लेकराला जवळ ओढलं.

परत येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग पुतण्याच म्हणाला, “नाना, शेठ म्हणतोय गिअर बॉक्स करून देतो.” म्हटलं, करून देईलही. पण उतारात गिअर सोडणारी गाडी डॉक्टरची म्हणून विकणारा माणूस आणखी काय काय सोडून सांगतोय ते आपल्याला कुठं माहीत? आम्ही चहा पिऊन निघालो. शेठनं चहाचे पैसे घेतले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

त्यानंतर दोन महिने आम्ही रविवारी रविवारी गाड्या बघत होतो. सगळ्यांचं सांगत बसत नाही. एक नारायणगावच्या बाजूची होती, दिसायला फार नीट. इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडलं तर तिथनं धुराचे भपके. मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की असं होतं, आणि मग इंजिन उतरवण्याशिवाय इलाज नाही. सायलेन्सरचा धूरही बोलतो. जरा काळा धूर असेल तर फिल्टर नाहीतर नोझल, हे परवडतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतोच, ती वाफ. पण गाडी तापल्यावरही पांढराच येत राहिला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखं काही चिकटलेलं असलं, तर पाणी आणि ऑइल आत एकत्र होतंय. रेडिएटरचं झाकण मात्र गार गाडीचंच उघडायचं. गरम उघडून तोंड भाजून घेतलेला माणूस मी बघितलाय.

एक गाडी स्वस्त होती म्हणून पुतण्या हरखला. आतून अत्तराचा वास इतका की डोकं दुखावं. मी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. बाहेर नेहमी असतो तो भाग धुतलेला, आणि आत गुंडाळून राहतो त्या भागावर मातीची रेघ. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या, मॅटखाली बारीक गाळ. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी. २००५ ला मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, आपण टीव्हीवर बघितल्यात. अशी गाडी धुऊन पुसून उभी केली तर चार महिने चांगली चालते. मग वायरिंगमधली गंज जागी होते, आज लाइट जातो, उद्या सेल्फ जातो, आणि कुठल्याही मिस्त्रीला दोष सापडत नाही. तिला कितीही स्वस्तात घेऊ नये. फुकटातही नाही.

वायरिंगवरून आठवलं. आमच्या आळीतल्या एका घरानं घाईत एक मोठी गाडी आणली होती. उन्हाळ्यात घेतली, उन्हाळ्यात बघितली. ऑगस्टात त्यांच्या शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. धुकं, पाऊस, आणि आपटाळ्याच्या अलीकडं वायपर बंद पडला. आत पाच माणसं, काचा आतून धुरकटलेल्या, पंखा चालेना. पोरीचा दीर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून टॉवेलनं काच पुसत होता, आणि ड्रायव्हर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पांढरी पट्टी शोधत चाललेला. पट्टी तरी कुठं होती त्या रस्त्याला. जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत पहाट झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप, आता ते पोरगं अंगणवाडीत जातं. पण तेव्हापासून मी भर मे महिन्यातही काचेवर पाणी ओतून वायपर पाच मिनिटं चालवून बघतो, आणि एसी लावायला सांगतो. विकणारे हसतात, म्हणतात, घाटघरला एसी कशाला? गारव्यासाठी नाही बाबा, काचेवरचं धुकं काढायला.

अलीकडच्या गाड्यांचं एक वेगळंच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यातल्या डिझेलच्या मोठ्या गाड्यांना धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधनंमधनं बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. आमच्या रस्त्याला तो वेग कुठला? खड्डा, वळण, खड्डा. जाळी तुंबली की दिवा लागतो, गाडीचा जोर जातो, आणि खर्च मोठा. ज्याचं रोजचं जाणं-येणं हायवेचं आहे त्यानं ती खुशाल घ्यावी. पुतण्याला म्हटलं, आपल्याला थोडी जुनीच बरी, फार जुनी नको.

फार जुनी का नको, तर कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं दर पाच वर्षांनी तपासून वाढवून घ्यायची, त्यात आपल्याकडं पर्यावरण कर भरायचा. कागदांच्या बाबतीत माझ्यापेक्षा माझी सून हुशार, तिनं मोबाइलवर परिवहनच्या ॲपात नंबर टाकून सगळं काढलं. एका गाडीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. हप्ते फिटले असं मालक म्हणत होता, पण आरसीवरनं बोजा उतरला नव्हता. कंपनीचा ना-हरकत दाखला आणल्याशिवाय ती गाडी अर्धी बँकेचीच. दुसरीवर ई-चलानांची ही लांब यादी. तिसरी आधी पिवळ्या पाटीची, प्रवासी वाहतुकीची, नंतर पांढरी केलेली. आणि एक दिल्लीची. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादानं बंदी घातली, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, तशा तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं दिसायला लागल्या. लोखंड कोरडं असतं त्यांचं, वाईट नसतात. पण तिथल्या आरटीओचा दाखला आणायचा, इथला कर भरायचा, नंबर बदलायचा, ह्यात स्वस्ताई विरघळते. आणि चेसीवर ठोकलेला नंबर आरसीतल्या नंबराशी एक एक आकडा बोट ठेवून जुळवायचा. त्या ठिकाणी घासल्याची खूण दिसली की तिथनंच मागं फिरायचं.

शेवटी गाडी मिळाली ती ओतूरकडच्या एका निवृत्त मास्तरांकडं. दहा वर्षांची. मास्तरांनी आम्ही जायच्या आधीच एका वहीच्या कागदावर दोष लिहून ठेवले होते. क्लच वरच्यावर लागतोय, पुढचे टायर आतल्या बाजूनं झिजलेत, बॅटरी जुनी, डावा मागचा दरवाजा बाहेरूनच उघडतो, एकदा बैलगाडीला घासली तेव्हाचं उजवं मडगार्ड रंगवलंय. मी मडगार्डला लोहचुंबक लावून बघितलं, बाकी सगळीकडं चिकटलं, तिथं सुटून पडलं. पुट्टी भरलेली. मास्तर खरं बोलत होते. टायरवर २३१९ आकडा होता, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले. खाली आडवा झालो. चेसी ठण्ण वाजली. गार गाडी एका चावीत चालू झाली. मग आम्ही सगळे बसलो, मास्तरही बसले, आणि माळशेजच्या रस्त्याला चढावर नेऊन आणली. गिअर जागच्या जागी.

दोष नसलेली जुनी गाडी मी अजून बघितली नाही. क्लच, टायर, बॅटरी, बुश हे दोष विकत घेता येतात. मिस्त्रीला फोन करून खर्च विचारायचा आणि तेवढे किमतीतनं कमी करून मागायचे. कुजलेली चेसी, पाण्यात बुडलेलं वायरिंग आणि लटकलेले कागद हे मात्र कुठल्याही भावात घ्यायचे नाहीत. मिस्त्रीनं बत्तीस हजार सांगितले. मास्तरांनी तीस कमी केले, दोन हजारांवर अडून बसले, आणि पुतण्याला मी डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. खरं बोलणाऱ्या माणसाला दोन हजार जास्त गेले तर जाऊ द्यावेत. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर तिथंच सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा असतो, तो सुनेनं चौथ्या दिवशी करून घेतला. वीस हजार आम्ही आरसीवर नाव लागेपर्यंत ठेवून घेतले होते. मास्तरांनी त्याला ना म्हटलं नाही, उलट म्हणाले, “मी पण असंच केलं होतं.”

घरी आणली त्या दिवशी वहिनीनं नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं आणि आत बसायला गेली तर पाय पोचेना. तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं. दोन महिने गाड्या बघताना मी तिला प्रत्येक गाडीत खालून हात देऊन चढवत होतो, त्यामुळं तिनं तक्रार केली नव्हती. पुतण्यानं दुसऱ्याच दिवशी जुन्नरला नेऊन वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना लोखंडी पायरी लावून आणली. वहिनी चढली, उतरली, पुन्हा चढली.

“अजून दोन बोटं खाली घे म्हणावं त्याला,” ती म्हणाली. “आन डाव्या बाजूची जास्त. म्हाताऱ्या तिकडनंच चढतात.”